प्रीमियम बुलेट म्हणजे पैशांचा चुराडा?

डोंगरवाट:
"घरी काडतुसं भरायची आणि वर प्रीमियम बुलेट लावायची, म्हणजे पैशांचा चुराडा. हरणाला ब्रँड कळत नाही." शिकारीच्या काडतुसांबद्दलचं हे साधीगोळी यांचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. (प्रीमियम म्हणजे हाडावरही टिकणारी महागडी बुलेट: आत आडभिंत असलेली किंवा सगळी तांब्याची.)

ब्रँड कळत नाही, कबूल. पण खांद्याच्या हाडावर बुलेट फुटली की टिकली, यावर ते जनावर जागीच पडणार की जखमी होऊन झाडीत शिरणार हे ठरतं. जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याने १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (भलंमोठं हरीण) .३०० हॉलंड अँड हॉलंड ही जादा वेगाची मॅग्नम झाडली. बुलेट्स वरच्यावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत. त्यातूनच पार्टिशन बुलेट आली: मधे जॅकेटचीच (शिशावरच्या धातूच्या वेष्टनाची) आडभिंत, पुढचं शिसं पसरतं, मागचं जागेवर राहतं.

आता खर्च. केस (काडतुसाची पितळी नळी) आपण पुन्हा पुन्हा वापरतो, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (दारू) दोन्हीकडे तेवढीच लागते. वाढतो तो फक्त बुलेटचा खर्च, आणि जनावरापर्यंत पोचणारी वस्तू तेवढीच एक. स्कोपवर हात सैल सोडायचा आणि इथे काटकसर करायची, हे मला पटत नाही. शिवाय माझ्या रायफलमध्ये तांब्याची बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळाच्या खाचांना) खेटून बसवली तर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो. तीच ०.०५० इंच मागे घेतली की भोकं एकमेकांत जातात. दुकानातल्या काडतुसात बुलेट किती खोल बसवायची हे माझ्या हातात असतं का?

साधीगोळी:
नॉस्लरची गोष्ट मूसची आणि मॅग्नमची. ती हरणाच्या माथी कशाला मारता? .३०८ काडतूस, दीडशे यार्ड, मध्यम हरीण, फुप्फुसात शॉट. एवढ्याला साधी कप-अँड-कोर (वेष्टनात नुसतं शिसं भरलेली बुलेट) पुरून उरते. माझे वडील जन्मभर .३०-०६ मध्ये १८० ग्रेन वजनाची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) भरत आले, एकही जनावर हरवलं नाही. उलट तुमची कडक तांब्याची बुलेट लांबवर वेग उतरला की उघडतच नाही, म्हणजे टोकाला पसरत नाही. पेन्सिलीएवढं भोक पाडते आणि पलीकडे निघून जाते. रक्ताचा थेंब नाही, माग काढायचा कसा?

डोंगरवाट:
वडिलांबद्दल आदर आहे, पण ते शॉटसाठी थांबायचे, घाई करायचे नाहीत, असं दिसतं. श्रेय त्यांच्या संयमाला द्या, बुलेटला नको. माझ्या सोबत्याने तीस पावलांवरून मॅग्नमने रानडुकराच्या खांद्यावर साधी बुलेट मारली. वर ताटलीएवढी जखम, आत हाडसुद्धा धड मोडलेलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही काट्यांतून सरपटत होतो. बाकी लांबच्या अंतराचं म्हणाल, तर तेवढं खरं आहे. ज्याला लांबून मारायचं आहे त्याने बुलेट किती वेगाला उघडते हे आधी बघावं.

घारीची_नजर:
तुम्ही दोघं भोकं मोजताय, ताटातल्या शिशाचं काय? २००८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले आणि ते वाटू नका असं अन्नपेढ्यांना सांगावं लागलं. बुलेट हाडाला लागून फुटली की कण जखमेपासून बरेच दूर जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत. राहिलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशावर पूर्ण बंदी घातली ती काँडॉर (तिथली दुर्मिळ गिधाडं) मरत होते म्हणून.

साधीगोळी:
आलं शेवटी राजकारण! त्याच नॉर्थ डकोटात सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) लोकांचं रक्त तपासलं, तेव्हाच्या धोक्याच्या पातळीला एकही माणूस पोचला नव्हता. आमची तिसरी पिढी हे मांस खाते आहे. आम्ही सगळे वेडे का?

घारीची_नजर:
त्याच तपासणीत शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात, ते न खाणाऱ्यांपेक्षा, शिसं जास्त निघालं, ते का गाळलंत? आणि लहान मुलांसाठी सुरक्षित अशी शिशाची पातळीच नाही. वेडं तुम्हाला कोणी म्हटलं नाही, आकडा अर्धाच सांगितलात एवढंच म्हणतोय.

तराजू:
भांडा खुशाल, पण जिवावर बेतणारी गोष्ट कुणीच बोलत नाहीये. शिसंवाल्या १६५ ग्रेनचा लोड (पावडरचं माप) उचलून तांब्याच्या १६५ ग्रेनला वापरू नका. तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, शिशाची ११.३४. त्याच वजनाला तांब्याची बुलेट लांब होते, केसमध्ये जास्त खोल बसते, दाब चढतो. डेटा त्याच बुलेटचा घ्या, सुरुवात त्यातल्या सर्वात कमी मापापासून करा. प्रायमर चपटा दिसला किंवा बोल्ट उचलताना जड लागला की तिथेच थांबा. लांब बुलेटला ट्विस्टही (बॅरलमधल्या खाचांचा पीळ) जास्त लागतो, म्हणून वजन एक पायरी खाली घेतलेलं बरं.

साधीगोळी:
तराजू, हे कामाचं बोललात. घारीची_नजर, तुमचा सूर मला अजिबात आवडला नाही. पण घरात लहान मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी मी जखमेभोवतीचं मांस तसंही वीतभर कापून टाकतो. यंदा तांब्याचा एक डबा आणीन, तोही फक्त त्या मांसापायी. हरीण पाडायला साधी बुलेट पुरते, या माझ्या म्हणण्यात काडीचाही बदल नाही.

डोंगरवाट:
आणा. .३०८ असेल तर १५० ग्रेन घ्या. आधी बॅरलमधला जुना तांब्याचा थर पूर्ण निघेपर्यंत साफ करा, नाहीतर पहिला ग्रुप पसरला की इथे येऊन बुलेटलाच नावं ठेवाल.