बटणांच्या साध्या मोबाईलवरही फसवणूक होते. वडिलांसाठी काय काय करून ठेवावे?

उसाचा फड (करवीर तालुका) यांचा प्रश्न:

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि पहिल्यापासून बटणांचाच मोबाईल वापरतात. दूध संस्थेचा हिशेब, ऊसतोडीची पाळी आणि बहिणीचा रोजचा फोन एवढ्यावर त्यांचे भागते. फोनमध्ये इंटरनेट नाही म्हणजे धोकाही नाही, असे आम्ही भावंडे धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात त्यांना एक फोन आला. समोरचा माणूस बँकेतून बोलत असल्याचे सांगत होता आणि केवायसी न झाल्याने खाते बंद पडेल, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांनी आधी कार्डावरचे आकडे वाचून दाखवले आणि नंतर आलेल्या संदेशातील सहा आकडेही सांगितले. साडेनऊ हजार रुपये गेले. त्या संदेशात हे आकडे कोणालाही सांगू नयेत, असे स्पष्ट लिहिले होते. परंतु ते इंग्रजीत होते आणि वडिलांना त्यातले फक्त आकडे वाचता येतात, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. स्मार्टफोन त्यांना नकोच आहे आणि मीही आग्रह धरणार नाही. आहे त्याच फोनमध्ये कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त कॅशिअर यांचे उत्तर:

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. चोर फोनमध्ये शिरलाच नाही, तो आपल्या वडिलांशी बोलला. त्यामुळे फोन साधा आहे की महागडा, याने फारसा फरक पडत नाही. सहा आकड्यांचा संदेश आला की फोन खाली ठेवायचा आणि ते आकडे मुलालाही तोंडाने सांगायचे नाहीत, एवढी एकच सवय त्यांना लावा. 'ओटीपी म्हणजे काय' हे समजावत बसण्याची गरज नाही. काही बँका मराठीत संदेश पाठवतात, तेव्हा शाखेत विचारून पाहा. मात्र जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील, तर त्याचा उपयोग होणार नाही.

दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार कार्डाचा ऑनलाइन वापर बंद ठेवण्याची सोय बँकेने ग्राहकाला द्यावी लागते. वडील कार्ड केवळ एटीएमपुरते वापरत असतील, तर ऑनलाइन वापर बंदच करून टाका. मग कार्डाचे आकडे कोणी विचारून घेतले, तरी त्यावर ऑनलाइन खरेदी होणार नाही.

पैसे गेल्याचे कळताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि त्याच वेळी बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतः आकडे सांगितले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेला सोसावे लागते. म्हणून 'मुलगा संध्याकाळी घरी आला की बघू' असे म्हणण्यात पैसा जातो. तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

साध्या फोनवरून पैसे पाठवणे मात्र निषिद्ध मानू नका. *९९# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते आणि मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोयही खास अशाच फोनसाठी सुरू झाली. १२३पे मध्ये सुरुवात आपण स्वतः क्रमांक लावून करायची असते. आपण काही न करता 'मी १२३पे मधून बोलतोय' असे सांगणाऱ्या माणसाचा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजावा. *९९# मध्ये टाकलेला पिन पडद्यावर चांदण्यांआड लपत नाही, त्यामुळे बाजारात दुकानदारासमोर तो टाकू नये. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

दुरुस्तीवाला, राजारामपुरी यांचे उत्तर:

कॅशिअर साहेबांशी मी सहमत आहे, पण फोन हातात घेऊन करण्याच्या चार गोष्टी राहिल्या आहेत. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वयस्कर मंडळींच्या फोनमध्ये नावांच्या यादीत 'एटीएम' किंवा 'बँक' असे नाव असते आणि त्यापुढे चार आकडे असतात. तो पिन असतो. फोन दुकानात दोन दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक निश्चिंत असते. आपल्या वडिलांची यादी आजच तपासा.

सिमला पिन लावता येतो, म्हणजे चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय चालत नाही. मात्र तीनदा चुकीचा पिन टाकला की सिम अडकते आणि कंपनीकडून आठ आकडी पीयूके (अडकलेले सिम उघडण्याचा क्रमांक) घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचे निकामी होते. म्हणून पिन वडिलांच्या वहीत नव्हे, तर आपल्याकडे लिहून ठेवा. *#०६# दाबल्यावर पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन दिसतात. ते बिलावर उतरवून घ्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेत किंवा नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत फोन गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो आणि तिथे हे आकडे लागतात. बंडीला आतून चोरखिसा असेल तर उत्तमच.

आणखी एक युक्ती चोर वापरतात. कुरिअरचे किंवा नेटवर्कचे निमित्त सांगून चांदणी-चौकटीचा (* आणि #) एखादा लांबलचक क्रमांक दाबायला लावतात. त्याने येणारे फोन त्यांच्याकडे वळतात आणि बँकेचा आवाजी ओटीपीही तिकडेच जातो. शंका आली तर ##००२# दाबून सगळे वळवलेले फोन रद्द करावेत.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगतो. ती काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर फुगली आहे असे समजा आणि बदला. टाचणीने टोचून हवा काढण्याचा उद्योग करू नका, त्याने पेट घेते.

आंबेवाडीकर यांचे उत्तर:

पैशांविषयी वरच्या दोघांनी सांगितले आहेच, मी पुराच्या अनुभवातून लिहिते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी गावात शिरले, वीज गेली आणि घरातले मोठे फोन दुसऱ्या दिवशी बंद पडले. सासूबाईंचा बटणांचा फोन मात्र चौथ्या दिवशीही सुरू होता, कारण त्या टॉर्च लावत नव्हत्या आणि फोन केवळ सकाळी व संध्याकाळी चालू करत होत्या. त्यांच्या पदराच्या गाठीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागदही होता, त्यावर पाच जणांचे क्रमांक होते. फोनमध्ये क्रमांक असले तरी कागद हवाच.

२०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले की ११२ ला फोन लागावा, असा केंद्राचा नियम आहे. आपल्या फोनमध्ये ते कोणते बटण आहे, हे माहितीपत्रकात पाहून ठेवा. खरोखर दाबून पाहू नका, कारण तिकडे आपत्कालीन कक्षात कोणीतरी फोन उचलतो. त्याच कारणाने फोन नातवंडांच्या हाती खेळायला देऊ नये आणि खिशात ठेवताना बटणे लॉक करावीत. लॉक असतानाही ११२ लावता येतो.

उसाचा फड यांचे प्रत्युत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वडिलांचा फोन घेऊन बसलो. यादीत 'एटीएम' नव्हते, पण 'म्हैस' या नावापुढे चार आकडे होते. विचारल्यावर ते म्हणाले, "पिन असा कुणाच्या ध्यानात येतो व्हय?" ते नाव काढून टाकले आहे. कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करण्याचा अर्ज आज शाखेत दिला आणि नवीन पिनही घेतला. बॅटरी काचेवर फिरवून पाहिली, तीन वेढे घेऊन थांबली. ती उद्या बदलून घेतो.