जेनीचा संसार सुखाचा झाला का? – हेयरच्या 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट'वर चर्चा

चाफेकळी

इंग्रजी लेखिका जॉर्जेट हेयरची 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' (१९६१) ही कादंबरी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा वाचून संपवली. या पुस्तकावरून माझे मैत्रिणींशी दरवेळी खटके उडतात. म्हणून म्हटलं, आज मोकळेपणाने मांडावं.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, शेवटासकट. साल १८१४. नेपोलियनविरुद्धच्या मोहिमेत लढणारा कॅप्टन अ‍ॅडम डेव्हरिल वडील गेल्यामुळे इंग्लंडला परततो. त्याच्या वाट्याला येते लॉर्ड लिंटन ही पदवी, लिंकनशरमधलं फाँटली हे पिढीजात घर, आणि वडिलांनी उधळून ठेवलेलं डोंगराएवढं कर्ज. ज्युलियावर त्याचं प्रेम आहे, पण घर वाचवायचं तर पैसा हवा. लंडनच्या सिटीतले, म्हणजे तिथल्या व्यापारी पेठेतले, गडगंज व्यापारी जोनाथन चॉली यांना एकुलत्या एका मुलीसाठी, जेनीसाठी, पदवीवाला नवरा हवा असतो. सोयरीक जुळते. हाच तो 'करार'.

जेनी ठेंगणी, अंगाने भरलेली, चारचौघांत बुजणारी. ती ज्युलियाची शाळेतली मैत्रीण, आणि अ‍ॅडम तिला आधीपासूनच आवडतो. मात्र हे ती त्याला कळू देत नाही. आपलं लग्न कशासाठी झालंय हे तिला पक्कं ठाऊक आहे.

माझं म्हणणं असं, की रीजन्सी काळावरच्या (आजारी राजाच्या वतीने युवराज, म्हणजे रीजंट, कारभार बघायचा तो काळ) प्रेमकथांमध्ये ही सगळ्यांत खरी आहे. एरवी लग्न शेवटच्या पानावर येतं. इथे ते लवकर उरकतं, आणि मग दोन परकी माणसं एका छपराखाली कशी राहतात ते हेयर सावकाश दाखवते. जेनी कधी गोड बोलत नाही. अ‍ॅडमला घरात काय रुचतं, कशाने तो अवघडतो, हे ती बघून ठेवते आणि न बोलता तसं करते. एका मेजवानीत या दोघांना जोडीने बघून ज्युलियाला घेरी येते तेव्हा सगळी सभा टवकारते. तिथे सावरून घेते ती जेनी. आपल्या नवऱ्याच्या जुन्या प्रेमाची अब्रू ती झाकते.

शेवटी अ‍ॅडम तिला सांगतो, की ज्युलिया हे पोरवयातलं स्वप्न होतं, तू माझ्या आयुष्याचा भाग आहेस, तुझ्याशिवाय माझं चालणार नाही. मला हे पुरेसं वाटतं. तुम्हाला?

दगडी जिना

मला नाही वाटत. आणि जेनीलाही वाटत नाही, हे तिथेच, त्या शेवटच्या पानांत आहे. ज्युलियासाठी त्याच्या मनात जे होतं ते आपल्या वाट्याला कधी येणार नाही हे तिला कळतं, आणि आयुष्य शेवटी रोजच्या साध्यासुध्या गोष्टींचंच असतं असं ती मनाला बजावते. ही समजूत आहे. समजूत कोणाची काढतात? ज्याचं काही गेलंय त्याची.

तुम्ही म्हणता, तो काय खातो-पितो हे ती लक्षात ठेवते. माझ्या आत्याने चाळीस वर्षं हेच केलं. आतोबांना पोळी कडक लागते, भात मोकळा लागतो, दही आदल्या रात्रीचंच लागतं. सगळे म्हणायचे, काय जोडा आहे! ती गेल्यावर वर्षश्राद्धाला तिच्या आवडीचं काहीतरी करावं म्हणून स्वयंपाकघरात आम्ही पाचजणी उभ्या होतो. तिला काय आवडायचं हे एकीलाही सांगता येईना. आतोबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ती सगळंच खायची." शेवटी त्यांच्याच आवडीची खीर केली.

हे पुस्तक वाचताना मला सतत ते ताट दिसत होतं. जेनीच्या सेवेला लेखिकेने प्रेमाचं नाव दिलं आणि अ‍ॅडमच्या सवयीलाही. मला ही रोमान्स वाटत नाही, आणि ती मन लावून लिहिली आहे म्हणून जास्तच दुखते.

रानवारा

दगडी जिना, आत्याचं वाचून गलबललं.

मी मात्र ज्युलियाच्या बाजूने लिहितो, कारण तिच्या बाजूने कोणी बोलत नाही. तिने काय गुन्हा केला? प्रेम केलं, आणि ज्याच्यावर केलं त्याने पैशासाठी दुसरीशी लग्न केलं. त्यातून ती कोसळली तर लेखिका तिला लाडावलेली, नाटकी, संसाराला कुचकामी ठरवत जाते. पुढे वयाने बऱ्याच मोठ्या लॉर्ड रॉकहिलशी तिचं लग्न लावून देते, म्हणजे अ‍ॅडमची टोचणी संपली. जेनी उठून दिसावी म्हणून ज्युलियाला लहान केलंय. एका बाईला न्याय द्यायला दुसरीला उणं करावं लागत असेल, तर लेखिकेचा जेनीवरच विश्वास कमी पडला असं मला वाटतं.

हिशेबनीस

प्रेमाचं तुम्ही बोलताय, मी पैशाचं बोलतो. या कादंबरीचा कणा तोच आहे.

आधी कायदा. त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोचा पैसा-अडका सर्वसाधारण कायद्याने नवऱ्याचा होई. श्रीमंत बाप वकिलांकडून करारनामे करून, विश्वस्त नेमून मुलीपुरता काही बंदोबस्त करत, तेवढाच आडोसा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२ मध्ये. घटस्फोटासाठी १८५७ पर्यंत पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तेव्हा जेनीने 'बाहेर पडायला हवं होतं' असं कोणी म्हणणार असेल तर बाहेर वाटच नव्हती.

माझा खरा आक्षेप शेवटावर आहे. जून १८१५. नेपोलियनचा पराभव करणारी वॉटर्लूची लढाई १८ तारखेला होते, पण इंग्रज सेनापती वेलिंग्टनचं विजयाचं पत्र घेऊन मेजर पर्सी लंडनला पोचतो २१ तारखेच्या रात्री. मधले दिवस लंडन अफवांवर जगतं. कादंबरीत याच दिवसांत सरकारी रोख्यांचे, म्हणजे कॉन्सोल्सचे, भाव कोसळतात. चॉली जावयाला कळकळीने सांगतात, असतील ते विकून टाक. अ‍ॅडम उलट करतो, होतं नव्हतं ते लावून रोखे घेतो, आणि विजयाची बातमी येताच मालामाल होतो.

आता बघा. बाप सट्ट्यात आणि चैनीत बुडाला म्हणून घर गेलं होतं. मुलगा घर, बायको, तान्हं पोर असताना एका बातमीवर सगळं लावतो. फासा उलटा पडला असता तर तोही बापाच्याच रांगेत बसला असता. आणि ज्या चॉलींनी आयुष्यभर बाजारात डोकं चालवून पैसा उभा केला, त्यांना नेमकं त्यांच्याच मैदानात लेखिका चूक ठरवते. एका लॉर्डाने व्यापाऱ्याच्या उपकाराखाली राहावं हे तिला सोसवत नाही.

निळावंती

हिशेबनीस, इथे मी तुमच्याशी पूर्ण असहमत आहे. बापाने लावले ते पत्त्यांसारखे. अ‍ॅडम लावतो ते त्याला जे माहीत आहे त्यावर. तो वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला आहे. तो ५२व्या पलटणीचा, आणि हीच पलटण वॉटर्लूच्या संध्याकाळी नेपोलियनच्या खास गार्डवर बाजूने तुटून पडली होती. बाजारातल्या लोकांना 'फ्रेंच आले' एवढंच कळत होतं. वेलिंग्टन कसा लढतो, माघार कशी घेतो, कुठे पाय रोवतो हे अ‍ॅडमने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला वेलिंग्टन नवा नाही. तोच आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता. फौज आपली कितीतरी मोठी, तोफा आपल्या जास्त, आणि तरी त्याने केळणा नदी ओलांडून हल्ला केला आणि जिंकला. मी जालन्याकडची. असईचं नाव लहानपणापासून कानावर आहे, त्यामुळे वेलिंग्टनबद्दलचा अ‍ॅडमचा भरवसा वाचताना घशाखाली काहीतरी अडकतं. पण तो भरवसा खोटा नाही हे मान्य करावंच लागतं.

आणि चॉलींना लेखिकेने लहान केलंय असं मला अजिबात वाटत नाही. पुस्तकातला सगळ्यांत जिवंत माणूस तो. मोठ्याने बोलतो, भेटवस्तूंचा मारा करतो, मुलीच्या लंडनच्या घरात मगरीच्या पायांचा सोफा आणून ठेवतो. पण त्याला नाद आहे चिनी मातीच्या जुन्या भांड्यांचा. ते भांडं हातात घेतलं की हा आडदांड माणूस एकदम हळुवार होतो, आणि ती पारख त्याला कोणी शिकवलेली नाही. अ‍ॅडम सासऱ्याला माणूस म्हणून बघायला लागतो त्यात या भांड्यांचा मोठा वाटा आहे.

हिशेबनीस

भांड्यांचं मान्य. चॉली मलाही आवडतात, म्हणूनच त्यांचा सल्ला वाया घालवलेला मला लागतो. अ‍ॅडमला त्यांच्या पैशावर उभं राहून कृतज्ञ राहता आलं असतं. ते जास्त अवघड होतं आणि पुस्तकाला जास्त शोभलं असतं.

आणखी एक. अ‍ॅडमला शेतीचं वेड लागतं, पाण्याचा निचरा, नवी पेरणीयंत्रं, नॉरफकमध्ये हॉकमच्या कोक या जमीनदाराने केलेले प्रयोग. वाचायला छान आहे. पण १८१५ म्हणजे कॉर्न लॉचं वर्ष. बाहेरचा स्वस्त गहू अडवून जमीनदारांचे भाव राखणारा तो कायदा, आणि त्यावरून मार्चमध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगे झाले. फाँटलीच्या शेतात राबणारा माणूस काय खात होता हे मला जाणून घ्यायला आवडलं असतं.

आमसूल

सगळ्यांचं वाचलं. मी सुईणीच्या घरातली, म्हणून मला भिडला तो भाग कोणी काढलाच नाही. जेनीला दिवस जातात तेव्हा लंडनचा नावाजलेला डॉक्टर क्रॉफ्ट तिला कडक पथ्यावर ठेवतो. पोटुशी बाई, आणि तिचं खाणंच तोडायचं! ती मलूल होत जाते. बाप घाबरून डॉक्टरचा शब्द प्रमाण मानतो. अ‍ॅडम तिच्याकडे नीट बघतो आणि सासऱ्याचा विरोध पत्करून तिला फाँटलीला घेऊन जातो. तिथे ती पुन्हा माणसात येते.

हा क्रॉफ्ट इतिहासातला खराखुरा माणूस. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये रीजंटची एकुलती एक मुलगी शार्लट हिचं बाळंतपण त्याच्याच हाताखाली झालं. आधी तिलाही असंच कमी खाण्यावर ठेवलं होतं, रक्त काढलं होतं. पन्नास तासांच्या कळांनंतर मुलगा मृत जन्मला, आणि काही तासांत तीही गेली. पुढच्या फेब्रुवारीत क्रॉफ्टने स्वतःवर गोळी झाडून घेतली. हेयरला हे सगळं ठाऊक होतं. तिने मुद्दाम त्याच डॉक्टरला जेनीच्या उशाशी आणून उभं केलं.

दगडी जिना, अ‍ॅडमचं प्रेम मला तिथे दिसलं. शेवटच्या पानावर तो काय बोलतो त्याला मी फार किंमत देत नाही. बायकोच्या चेहऱ्याचा उतरलेला रंग ज्याला दिसतो आणि जो त्यावर काही करतो, त्याला मी 'सवय' म्हणणार नाही.

रानवारा

क्रॉफ्टचं माहीत नव्हतं. तो भाग मी नुसता चाळून पुढे गेलो होतो. आता परत वाचतो.

चाफेकळी

आमसूल, मनापासून आभार. हे मला तीन वेळा वाचूनही जुळलं नव्हतं.

रानवारा, ज्युलियाबद्दल तुमचं बरंचसं पटतं. शेवटी शेवटी तिच्यावर अन्याय झालाय. एवढंच म्हणेन, की सुरुवातीच्या तिच्या दुःखाची लेखिकेने टवाळी केलेली नाही.

हिशेबनीस, वॉटर्लूवर मी निळावंतीच्या बाजूने. पण एक कबूल करते. तो सट्टा जिंकल्यावरच अ‍ॅडम जेनीपाशी मोकळा होतो. पैसा हातात येईपर्यंत त्याला तिच्यासमोर ताठ उभं राहता येत नव्हतं. हे मला आधी गोड वाटायचं. तुमचं वाचल्यावर ते तितकं गोड राहिलं नाही.

दगडी जिना, तुमच्या आत्याचं ताट डोक्यातून जाईना. काल रात्री आईला फोन केला आणि विचारलं, तुला जेवणात काय आवडतं गं? ती म्हणाली, "आमचं काय, तुम्ही कराल ते." मी म्हटलं, तसं नाही, सांगच. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेवग्याच्या शेंगांची आमटी, चिंचगूळ घालून. पण तुझ्या बाबांना शेंगा चालत नाहीत, म्हणून लग्न झाल्यापासून केली नाही." बाबा वाईट नाहीत हो. आई आजारी पडली तेव्हा सोळा रात्री दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपले होते. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात, म्हणून जेनीचा संसार मला मोडीत काढवत नाही.

दगडी जिना

आमसूल, क्रॉफ्टचा प्रसंग पुन्हा काढून वाचला. तिथे अ‍ॅडम खरंच चांगला वागतो, हे मी आधी धरलं नव्हतं. तेवढं मागे घेते.

चाफेकळी, येत्या रविवारी ती आमटी करा आणि आईला पहिली वाढा. जेनीबद्दल माझं मत बदललेलं नाही.