नदीत उतरायच्या बुटाला सोल कुठला? माझं मत फेल्टलाच

कराडचा फ्लायवाला

कोयनेवर पाटणच्या खालच्या अंगाला मी सहा वर्षं फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी, टाकून मासे धरतोय. धरणाच्या वर अभयारण्य आहे, त्या पाण्याचा इथे विषय नाही. गरी टाकणारा माणूस काठावर बसून दिवस काढू शकतो. फ्लायला दोरी आधी मागे उलगडावी लागते आणि मागे वाळुंज नाहीतर बांबू आडवा येतो. त्यामुळे मांडीभर पाण्यात उभं राहण्यावाचून इलाज नसतो. आणि पायाखाली काय, तर काळा कातळ आणि त्यावर बोटभर शेवाळ.

मागच्या मार्चमध्ये मी चांगल्या नक्षीच्या रबरी सोलचे महागडे बूट घालून उतरलो होतो. दुकानदाराने ‘ओल्यावर एक नंबर’ म्हणून दिलेले. तिसऱ्याच पावलाला पाय गेला, मनगट मुरगळलं आणि रॉडचं टोक मोडलं. त्यानंतर जुन्या ट्रेकिंग बुटांच्या तळाला फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाड कापड, लावून घेतलं. त्याच खडकावर आता बिनघोर उभा राहतो.

कारण साधं आहे. फेल्टचे तंतू दाबाने शेवाळाच्या थरात घुसून खालच्या दगडाच्या खरबरीत अंगाला धरतात. रबराची नक्षी त्या बुळबुळीत थरावरच तरंगते. आपल्याकडे फेल्टला कुणी विचारतही नाही आणि परदेशातले व्हिडिओ बघून सगळे रबर घेतात. हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ सांगली

दादा, खडकावर फेल्ट धरतं, मान्य. पण गाडी लावल्यापासून खडकापर्यंत कसं जाता? आमच्याकडे उसाच्या बांधावरून, मग घसरणीच्या काळ्या मातीतून खाली उतरावं लागतं. त्या मातीत फेल्ट म्हणजे पायाला बांधलेलं साबणाचं फडकं. मी दोनदा काठावरच आपटलोय, पाण्यात पाऊल टाकण्याआधी. ओल्या गवतावरही तीच गत. रबर चिखलात रुततं आणि पाय उचलला की माती सोडतं. शिवाय फेल्ट दोन-दोन दिवस वाळत नाही, डिकीला वास मारतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. न्यूझीलंडने २००८ मध्ये फेल्ट सोलवर बंदी घातली. २००४ मध्ये तिथल्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, आणि ओल्या फेल्टमधून ते एका नदीतून दुसऱ्या नदीत जाऊ शकतं म्हणून. आपण आज कोयना, उद्या वारणा, परवा उरमोडी करतो. पायात काय घेऊन फिरतोय याचा विचार नको का?

एक सूचना नवख्यांसाठी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. तिथे सोल कुठलाही असो, पाण्यात उतरायचं नाही. काठावरूनच टाका.

कराडचा फ्लायवाला

मातीचा मुद्दा बरोबर. मी खडकापर्यंत चपलेवर जातो आणि तिथे बूट बदलतो.

पण डिडिमो थंड पाण्यातलं शेवाळ आहे. एप्रिलमधल्या कोयनेच्या उथळ पाण्यात ते तग धरणार नाही. आणि ती बंदीही सगळीकडे टिकली नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटने २०११ मध्ये घातली आणि २०१६ मध्ये उठवली. दुसऱ्या हवामानातला नियम जसाच्या तसा इथे का आणायचा?

तीर्थनला जाऊन आलेला, सातारा

इथे मी सांगलीकरांच्या बाजूने. डिडिमो नसेल, पण माशांचे रोग, गोगलगायींची पिल्लं, वनस्पतींचे तुकडे ओल्या कापडातून जातातच. मी हिमाचलात तीर्थनला ट्राउटसाठी जातो आणि इथे खडशी माशासाठी उतरतो. तेच ओले बूट दोन्हीकडे नेणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. न्यूझीलंडवाले सांगतात: तपासा, धुवा, वाळवा. आतून-बाहेरून हाताला कोरडे लागल्यावर आणखी ४८ तास तसेच ठेवायचे. रबराला हे सहज जमतं. फेल्ट आतून कोरडं झालं हे ठरवायचं कसं?

आता पकडीचं. नुसतं रबर कोयनेवर चालत नाही, यात फ्लायवाले दादांचं खरं आहे. पण रबराला टंगस्टन कार्बाइडचे खिळे लावले की चित्र बदलतं. खिळा शेवाळ फाडून खाली जातो. मात्र बसाल्ट कठीण. धुऊन गुळगुळीत झालेल्या, शेवाळ नसलेल्या फरशीसारख्या खडकावर तोच खिळा स्केटिंगसारखा सरकतो. तिथे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चांगल्या. धातू मऊ असल्याने खडकच त्यात रुततो. झिजतात लवकर, वजनही वाढतं. तरी माझं मत पट्ट्यांना.

कराडचा फ्लायवाला

आणि आवाज? पाण्यात धातू दगडावर घासला की खडशी डोहाच्या पार पलीकडे जाते. संथ पाण्यात खिळेवाला माणूस वर आला की माझा तासभर वाया जातो. फेल्ट मुकं असतं, हा त्याचा मोठा गुण कुणी धरतच नाही.

वाईची मुलगी

तुम्ही सगळे सोलवरच अडलात. माझा पाय पाच नंबर. या मापात पाण्यात चालायचे बूट इथे मिळत नाहीत, म्हणून पहिलं वर्ष पुरुषांच्या सैल बुटात काढलं. सोल खडकाला चिकटलेला आणि पाय आत फिरतोय, अशाने घोटा गेला. आपल्या उन्हात वेडर, म्हणजे पाणी आत न येणारी छातीपर्यंतची विजार, कुणी घालत नाही, जाड निओप्रीन मोजे घालून थेट पाण्यात उतरतो. म्हणून माप घेताना तेच मोजे घालून बघावं, बहुतेकदा एक नंबर वरचा लागतो. घोट्याच्या वर येणारा कडक बूट, घट्ट नाडी आणि बाजूला पाणी निथळायला भोकं. भोकं नसतील तर प्रत्येक पावलाला बादली उचलल्यासारखं होतं. गमबूट तर कधीच नको. वरून पाणी शिरलं की पाय वर येत नाही.

पाटणचा, नदीकाठचाच

मी भोयाच्या घरातला. आमचे आजोबा अनवाणी जायचे. सोल कुठला का असंना, तिसरा पाय पाहिजेच. खांद्याएवढी बांबूची काठी. वरच्या अंगाला काठी टेकायची, ती रोवली की मगच पाऊल. पाय उचलून टाकायचा न्हाई, तळाशी घासत न्यायचा. आणि आडवं पार करताना जरा खालच्या बाजूला तिरकं जायचं, धारेशी भांडायचं न्हाई.

अजून एक. धरणाच्या पायथा वीजगृहातनं पाणी सोडलं की दोन्ही युनिटचं मिळून २१०० क्युसेक येतं. मधल्या खडकावर उभा असलेल्याला काठ तुटतो. भोंगा ऐकू आला, नाहीतर पाण्यात काडीकचरा वाहाय लागला, की गडी सरळ बाहेर. त्या वेळी कुठलं फेल्ट आन् कुठलं रबर.

कृष्णाकाठ सांगली

काका, काठीचं शंभर टक्के. मी बांबूला खाली रबरी टोपण बसवलंय, टकटक होत नाही. कमरेला दोरीने बांधली की मासा लागल्यावर सोडून देता येते.

फ्लायवाले दादा, आवाजाचा मुद्दा मी धरला नव्हता. तरी मी रबरच घालणार, कारण माझी घसरण काठावरच होते. ते फेल्ट डकवलंत कसं, टिकतं का?

कराडचा फ्लायवाला

लोकरीचं नको, झिजून जातं. कृत्रिम धाग्याचं दाट दाबलेलं, साधारण बोटभर जाडीचं घ्या. जुन्या सोलची नक्षी घासून सपाट केली, कराडच्या स्टँडजवळच्या बूट दुरुस्तीवाल्या काकांनी सोल्युशन लावून एक रात्र वजनाखाली ठेवलं आणि कडेने शिवण मारून दिली. नुसतं चिकटवलेलं पहिलं जोड दोन महिन्यांत टाचेकडून सुटलं होतं, शिवलेलं दुसरा हंगाम काढतंय. आणि सातारकर म्हणतात तसं धुऊन कोरडं होईस्तोवर मी दुसरी नदी करत नाही. वारणेसाठी दुसरा जोड शिवायला टाकलाय.