वेगवेगळ्या काळातले वेझिना-विजेते हंगाम: तुलना कशी लावायची?

पकपारखी (प्रश्न)

एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) वेझिना ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गोलीचा (गोलरक्षकाचा) पुरस्कार, जिंकलेल्या गोलींचे हंगाम एका तक्त्यात मांडतो आहे. नुसत्या सेव्ह टक्केवारीने (गोलावर आलेल्या शॉटपैकी अडवलेल्यांचं प्रमाण) लावले की टिम थॉमस (२०१०-११) आणि लिनस उलमार्क (२०२२-२३) दोघेही .९३८ घेऊन वर येतात. डॉमिनिक हाशेक (१९९८-९९) .९३७ वर, केरी प्राइस (२०१४-१५) .९३३ वर. ग्रँट फ्युअर (१९८७-८८) मात्र .८८१ घेऊन तळाशी जातो, आणि त्याच्या हंगामाची सरासरी सामन्यामागे खाल्लेले ३.४३ गोल. असा तक्ता काळ मोजतो, गोलीला नाही, हे दिसतंय. मग काळ वजा कसा करायचा? संघाचा बचाव किती आणि गोली किती, हे वेगळं काढता येतं का? आणि १९८१-८२ च्या आधीचे विजेते याच तक्त्यात घ्यावेत का?

निळीरेषा

सेव्ह टक्केवारी उलटी करून बघा, म्हणजे अडवलेले नाही तर सुटलेले शॉट. मग त्याला त्याच वर्षीच्या लीगच्या सुटलेल्या प्रमाणाने भागा आणि शंभरने गुणा. १०० म्हणजे त्या वर्षीचा सरासरी गोली. आकडा जितका कमी तितका हंगाम चांगला.

लीगची सरासरी अंदाजे अशी धरा: १९८७-८८ ला .८८०, १९९३-९४ ला .८९५, १९९८-९९ ला .९०८, २०१०-११ ला .९१३, २०१४-१५ ला .९१५, २०२२-२३ ला .९०४.

हाशेकचं १९९८-९९ उदाहरणादाखल पूर्ण करतो. १,८७७ शॉट, ११९ गोल. सरासरी गोलीने त्याच शॉटवर १,८७७ × .०९२, म्हणजे साधारण १७३ गोल खाल्ले असते. ११९ भागिले १७३, उत्तर ६९. वाचवलेले गोल ५४.

थॉमस: १,८११ शॉट, ११२ गोल, अपेक्षित १५८. उत्तर ७१, वाचवले ४६. प्राइस: १,९५३ शॉट, १३० गोल, अपेक्षित १६६. उत्तर ७८, वाचवले ३६. हाशेकचा १९९३-९४ चा हंगाम विसरू नका. टक्केवारी .९३० असल्यामुळे तो तुमच्या तक्त्यात मागे पडतो, पण १,५५२ शॉटवर १०९ गोल आणि अपेक्षित १६३, म्हणजे ६७. वाचवलेले गोल इथेही ५४, आणि तेही १९९८-९९ पेक्षा तीनशेहून जास्त शॉट कमी खेळून. माझ्या मते त्याच्या सहा वेझिनांपैकी सगळ्यात कमी चर्चा झालेला हंगाम हाच.

फ्युअर: २,०६६ शॉट, २४६ गोल, अपेक्षित २४८. उत्तर ९९.

क्रम लावताना एक पथ्य पाळा. १,८०० शॉटमध्ये .००१ चा फरक म्हणजे दोन गोलसुद्धा नाहीत. एवढ्या शॉटवर टक्केवारी निव्वळ योगायोगानेच .००५-.००६ इकडेतिकडे होते. त्यामुळे ६७, ६९ आणि ७१ यांना पहिला-दुसरा-तिसरा नंबर देऊ नका, एका गटात ठेवा. प्राइस त्यांच्या मागच्या गटात.

जाळ्यामागून

पद्धत बरोबर आहे, पण ती उलमार्कला लावून बघा. .०६२ भागिले .०९६, म्हणजे ६५. हाशेकच्याही पुढे! इथेच थांबलात तर तक्ता चुकीचं सांगेल. त्याचा बॉस्टनचा संघ ६५ सामने जिंकून १३५ गुणांचा विक्रम करणारा होता. उलमार्क त्यात ४९ सामने खेळला.

म्हणून शेजारी दुसरा रकाना हवा: त्याच संघाच्या दुसऱ्या गोलीचा, याच सूत्राने. बचावफळी तीच, प्रशिक्षक तोच, त्यामुळे संघाचा वाटा बऱ्यापैकी उघडा पडतो.

उलमार्क ६५, जेरेमी स्वेमन (.९२०) ८३.
थॉमस ७१, तूक्का रास्क (.९१८) ९४.
हाशेक १९९८-९९ मध्ये ६९, ड्वेन रोलोसन (.९०९) ९९.
इगोर शेस्टर्किन २०२१-२२ मध्ये (.९३५, लीग .९०७) ७०, अलेक्झांडर जॉर्जिएव्ह (.८९८) ११०.

आता चित्र बदललं. उलमार्क आणि त्याच्या जोडीदारात १८ चं अंतर, थॉमसचं २३, हाशेकचं ३०, शेस्टर्किनचं ४०. २०२१-२२ चा न्यूयॉर्क रेंजर्स संघ शेस्टर्किनच्या खांद्यावर उभा होता, आणि नुसत्या टक्केवारीच्या रांगेत तो हंगाम चौथा-पाचवा दिसतो.

क्रीजकोपरा

जोडीदाराच्या रकान्यावर इतका भार टाकायला माझी हरकत आहे. रोलोसनचा तो हंगाम १८ सामन्यांचा. पाचेकशे शॉटवर टक्केवारी .०१२ पर्यंत सहज हलते, म्हणजे तुमचा ९९ हा ८६ ही असू शकतो आणि ११२ ही. शिवाय जोडीदार कोण, हाही नशिबाचा भाग. रास्कने पुढे २०१३-१४ मध्ये स्वतः वेझिना जिंकली. उलमार्कशेजारी स्वेमनसारखा चांगला गोली उभा होता, ही काही उलमार्कची उणीव नव्हे. रकाना ठेवा, पण जोडीदाराचे शॉट हजाराच्या खाली असतील तिथे तो कंसात टाका आणि क्रम लावताना वापरू नका.

फ्युअरबद्दल. ९९ बघून तो हंगाम मोडीत काढणं सोपं आहे, पण पुरस्कारासाठी मत देणाऱ्या, संघांच्या जनरल मॅनेजरांनी काय बघितलं तेही मांडा. तो ७५ सामने खेळला, तेव्हाचा विक्रम, आणि ४० जिंकला. त्याचा एडमंटनचा संघ खुल्या मैदानात धावणारा, पक (खेळाची रबरी चकती) हरवला की समोरून एका बचावपटूवर दोन आक्रमक किंवा एकट्या आक्रमकाची धाव. सरासरी शॉटपेक्षा अवघड शॉट त्याच्या वाट्याला आले असणार, पण त्या काळच्या शॉटच्या जागा नोंदलेल्याच नाहीत, त्यामुळे किती अवघड हे मोजता येत नाही. पॉवर प्लेही (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसल्याने मिळणारी जास्त खेळाडूंची संधी) तेव्हा जास्त: सामन्यात एका संघाला पाचच्या आसपास, आता तीनच्या आसपास. एक खेळाडू कमी असताना सेव्ह टक्केवारी बरीच घसरते, त्यामुळे शिक्षा जास्त खाणाऱ्या संघाचा गोली एकूण टक्केवारीत नाहक मार खातो. जिथे समसमान खेळाडू असतानाची टक्केवारी मिळते तिथे ती वेगळी घ्या.

तरीही माझं मत सांगतो: १९८७-८८ मध्ये पॅट्रिक रॉयची टक्केवारी .९०० होती, म्हणजे याच सूत्राने ८३. फ्युअरचा पुरस्कार कामाच्या ओझ्याचा आणि विजयांचा होता. तो मोठा गोली होताच, पण तक्त्यात त्या हंगामाला हाशेक-थॉमसच्या गटात ओढू नका.

जुनीनोंद

१९८१-८२ आधीचे विजेते वेगळ्या पानावर न्या. तोवर वेझिना मतांनी मिळत नव्हती. सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलीला मिळायची. १९७३-७४ मध्ये फिलाडेल्फिया आणि शिकागो दोघांनीही १६४ गोल खाल्ले म्हणून बर्नी पेरंट आणि टोनी एस्पोझिटो यांच्यात ती वाटली गेली. मतदान सुरू झाल्यावर कमी गोलांचा निकष जेनिंग्ज ट्रॉफीकडे गेला. जॉर्ज हेन्सवर्थच्या १९२८-२९ चे २२ शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने) आणि ०.९२ ची सरासरी तर दुसऱ्याच खेळातली: आक्रमणाच्या भागात पुढे पास द्यायला परवानगी मिळाली ती त्याच्या पुढच्या हंगामात.

विजयांचा रकाना ठेवणार असाल तर २००५-०६ ला जाड रेघ मारा. शूटआउट (बरोबरी फोडण्यासाठी एकेका खेळाडूने गोलीसमोर घ्यायचे शॉट) तेव्हा आला, बरोबरी संपली. हाशेकच्या १९९८-९९ च्या ३०-१८-१४ (विजय-पराभव-बरोबरी) मधल्या त्या १४ बरोबऱ्यांपैकी काही आज विजयात गेल्या असत्या. शूटआउटमधले गोल गोलीच्या सरासरीत धरत नाहीत, पण २०१५-१६ पासूनच्या तीन-तीन खेळाडूंच्या जादा वेळेतले धरतात. पायाचे पॅडही त्याच २००५-०६ ला १२ इंचांवरून ११ इंच रुंद झाले. यासाठी वेगळी दुरुस्ती नको: पॅड सगळ्यांचेच बदलले, त्यामुळे लीगच्या सरासरीने भागलं की तो परिणाम आपोआप निघून जातो. दोनदा वजा केलात तर जुन्या गोलींवर अन्याय होईल.

पकपारखी

रकाने ठरले. शॉटच्या जागेवरून काढलेले अपेक्षित गोल, म्हणजे प्रत्येक शॉटच्या अवघडपणाचा हिशेब, २००७-०८ पासूनच्या हंगामांना जोडावा का? आणि लीगच्या सरासरीतून त्या गोलीला स्वतःला वगळायचं का?

निळीरेषा

जोडा, पण वेगळ्या रकान्यात, आणि फक्त त्या काळातल्या हंगामांची आपापसात तुलना करण्यासाठी. थॉमसला अपेक्षित गोलांनी आणि हाशेकला साध्या टक्केवारीने मोजून एका रांगेत उभं केलंत तर दोन वेगळी मापं मिसळतील. प्रत्येक रिंगणातले नोंद घेणारे शॉट सारखे मोजत नाहीत, कुठे ढिलाई तर कुठे काटेकोरपणा. म्हणून घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढून फरक मोठा दिसतो का तेही तपासा.

वगळणं तत्त्वतः बरोबर. १९९८-९९ मध्ये हाशेकचे शॉट लीगच्या जेमतेम ३ टक्के, त्यामुळे .९०८ चं .९०७ होतं आणि ६९ चं ६८. सूत्रात एकदा घालून ठेवा, मग सगळ्या ओळींना सारखंच लागू होईल.