वेल्श रानफुलांची नावं देवनागरीत लिहायची आहेत, 'डबल एल'साठी मदत हवी आहे

वेल्समधल्या दगडी भिंतींवर उगवणाऱ्या, मांसल पानांच्या रानवनस्पतींची मराठी यादी करतोय. बहुतेक आपल्या पानफुटीच्याच कुळातल्या. नावांचे अर्थ लागले: 'दैलेन ग्रोन' म्हणजे गोल पान (मधोमध बेंबीसारखा खळगा असतो, अगदी छोटी वाटीच), 'पिपिर अ वाग्विर' म्हणजे भिंतीवरची मिरी. हिचं पान चावलं की जीभ चुरचुरते, म्हणून हे नाव. 'वाग्विर' शब्दकोशात सापडेना; मूळ शब्द 'माग्विर', स्त्रीलिंगी नामाच्या आधी 'अ' (इंग्रजी 'the'सारखा शब्द) आला की म चा व होतो, हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या!

अडलंय ते छपरांवर लावत त्या वनस्पतीपाशी. नावाचा अर्थ 'घरांच्या माथ्यावरचा पाला', पण सुरुवातच 'डबल एल'ने, म्हणजे वेल्शमधल्या 'll' या अक्षराने. जीभ ल च्या जागी ठेवून बाजूंनी नुसती हवा सोडायची, घोष (कंठाचा कंप) नाही. 'ल्ल' लिहिलं तर लोक 'गल्ली'तला ल्ल वाचतात, 'ळ' तर साफ चूक. 'थ्ल' करून पाहिलं, वेल्श शेजारीण हसली. सध्या 'ह्लस्याय पेन ताय' असं लिहिलंय, पण 'आह्लाद'मुळे लोक ल घोष करूनच म्हणतात.

नुक्ता किंवा वेगळं चिन्ह नको, छापताना फाँट गडबडतो. वेल्श येणाऱ्यांनी सांगा, साध्या मराठी अक्षरांत हा उच्चार सगळ्यांत जवळचा कसा लिहाल?