उसाची पात लागून बुबुळावर बुरशी: परवडणारा उपचार सुचवा

रानवाट
नमस्कार मंडळी. काका बीडकडचे, सध्या ऊसतोडीला सांगली जिल्ह्यात आहेत. मागच्या आठवड्यात उसाची पात डोळ्यात घुसली. सलत होतं म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणून टाकले. दोन दिवस बरं वाटलं, मग डोळा लालभडक, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका. तालुक्याच्या डॉक्टरांनी बुरशी असावी म्हणून नॅटामायसिनचे ड्रॉप आणि वोरिकोनॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्यात. गोळ्यांची किंमत ऐकून काकू हबकल्यात, मुकादमाची उचल अजून फिटायचीय. गोळ्यांशिवाय भागेल का? आणि कमी खर्चात दाखवायचं कुठे?

दृष्टिसाथी
मेडिकलच्या त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का ते आधी बघा. ही स्टिरॉइडं. लाली उतरते म्हणून बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. असेल तर आजपासून एक थेंबही नको, आणि बाटली डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, जखम खरवडून तपासली का? केओएचची स्लाइड (खरवडलेल्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) करायला फार खर्च नाही, बुरशीचे धागे असतील तर बहुतेक वेळा त्याच दिवशी कळतं. नुसत्या अंदाजावर महागडी औषधं घेण्यापेक्षा ही तपासणी आधी करून घ्या.

आता औषधाचं. नॅटामायसिन ५ टक्के हे जुनं औषध आहे, पण जुनं म्हणून कमी समजू नका. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्ररुग्णालयांत ३२३ रुग्णांवर नॅटामायसिन आणि वोरिकोनॅझोल या दोन ड्रॉपची तुलना झाली, २०१३ साली ती छापून आली. नॅटामायसिन सरस ठरलं, फ्युजेरियम बुरशीत तर ठळकपणे. २०१७ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पुढे भारत-नेपाळमध्ये ड्रॉपच्या जोडीला वोरिकोनॅझोलच्या गोळ्या देऊन पाहिल्या. एकंदरीत डोळा फुटण्याचं किंवा बुबुळ बदलावं लागण्याचं प्रमाण घटलं नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. तरी परस्पर बंद करू नका. जखम खोल असेल तर डॉक्टरांचं काही कारण असू शकतं. "आधी ड्रॉपवर बघता येईल का?" असं सरळ विचारा.

कृष्णाकाठ
सांगलीतच आहात तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. पुण्यात ससून आणि एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

माझ्या आईला हाच आजार झाला होता, त्यातून एक सांगते. नॅटामायसिनचा गाळ तळाशी बसतो, दर वेळी बाटली नीट हलवायची. जखमेवर आणि खालच्या पापणीच्या आत पांढरा थर साचतो. आम्ही तो पू समजून घाबरलो होतो, तो औषधाचाच निघाला. सुरुवातीला जागेपणी दर तासाला थेंब पडायला हवा. फडात हे जमणार नाही, काकांना काम सोडून बसवावंच लागेल. आठवडाभरात फरक दिसला नाही तरी औषध सोडू नका, बुरशी हळूहळू हटते. पण दुखणं वाढलं किंवा ठिपका पसरला तर त्याच दिवशी गाठा.

दारेसलामकर
इकडे टांझानियात नॅटामायसिन मिळणं मुश्कील, म्हणून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचे डोळ्यांसाठी बनवलेले थेंब पर्याय म्हणून पुढे आले. नेपाळात लाहान या गावच्या रुग्णालयात दोन्हींची तुलना झाली, तिथेही नॅटामायसिनच पुढे राहिलं. भारतात ते मिळतं, तेच घ्या. आणि कृपा करून क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश कुणी डोळ्यात टाकू नका. आकडा तोच ०.२ असतो म्हणून घोटाळा होतो.

रानवाट
बाटलीवर डेक्सामेथासोन आहे. बंद केलं. उद्या सकाळच्या एसटीने मिरज. टोळीतल्या बाकीच्यांसाठी काही करता येईल का? पात सगळ्यांनाच लागते.

दृष्टिसाथी
येईल. नेपाळात भक्तपूरला बुबुळ खरचटलेल्यांना लगेच, १८ तासांच्या आत, क्लोरअॅम्फेनिकॉलचं १ टक्के मलम तीन दिवस दिलं, त्यांच्यात अल्सर (बुबुळावरची चिघळलेली जखम) झाला नाही. मिरजेतच विचारून टोळीसाठी लिहून घ्या. मध, दूध, जिभेने कचरा काढणं पूर्ण बंद. तोडीच्या वेळी साधे प्लास्टिकचे चष्मे मिळाले तर उत्तमच, मुकादमाशी बोलून बघा. आणि स्लाइडचा रिपोर्ट आला की इथे टाका, मी बघते.