संशोधन जहाजावर विज्ञान शिक्षकाने नेमके काय करायचे असते?

प्रश्न (माध्यमिक विज्ञान शिक्षिका):
सागरी संशोधनाच्या मोहिमांवर विज्ञान शिक्षकांनाही नेले जाते, असे वाचनात आले. महासागर व हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेचा ‘टीचर ॲट सी’ हा उपक्रम १९९० मध्ये सुरू झाला, तर २०२४ पर्यंत समुद्रतळ खोदून नमुने काढणाऱ्या ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या जहाजावर २००५ मध्ये ‘स्कूल ऑफ रॉक’ ही शिक्षकांसाठीची पहिली मोहीम झाली. अशी संधी मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र जहाजावरील प्रत्येक जागा मोलाची असताना संशोधक नसलेल्या व्यक्तीचा तिथे उपयोग काय, आणि परतल्यावर विद्यार्थ्यांना छायाचित्रांपलीकडे काय देता येते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (सागरी भूविज्ञानाचे अभ्यासक):
शिक्षक तिथे पाहुणा म्हणून जात नाही, त्याला कामाची पाळी असते. खोदकामाच्या जहाजावर संशोधकांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या दिवसरात्र चालतात. मऊ गाळातून सुमारे ९.५ मीटर लांबीचा नमुना वर आला की त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू कोणती याची खूण केली जाते आणि मग तो उभा चिरून एक अर्धा भाग अभ्यासासाठी, दुसरा जतन करण्यासाठी ठेवला जातो. नोंदी करणे, गाळ चाळणे, सूक्ष्मदर्शकाखाली फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची कवचे वेचणे ही कामे शिकवल्यावर शिक्षक उत्तम करतो. या कवचांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून प्राचीन समुद्राच्या तापमानाचा आणि पृथ्वीवरील बर्फाच्या साठ्याचा अंदाज बांधला जातो. तो कसा, हे स्वतः कवचे वेचलेला शिक्षक वेगळ्याच खात्रीने सांगू शकेल, असे मला वाटते.

उत्तर २ (मोहिमेवर जाऊन आलेले शिक्षक):
वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझ्या वर्गात सर्वांत उपयोगी ठरले ते सीटीडीचे काम. क्षारता काढण्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे हे उपकरण पाण्याचे नमुने घेणाऱ्या नळ्यांच्या चौकटीसह तारेला बांधून सोडतात. मिनिटाला साधारण ६० मीटर या वेगाने ४,००० मीटर गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि वर येताना ठरावीक खोलींवर थांबून एकेक नळी बंद करावी लागत असल्याने परतीचा वेळ आणखी वाढतो. पाठ्यपुस्तकातील तापमान आणि खोलीचा तो गुळगुळीत आलेख एवढ्या प्रतीक्षेतून येतो. नळीची गळती झाली असेल तर तो नमुना शंकास्पद ठरवून तशी नोंद करावी लागते. शंका प्रामाणिकपणे नोंदवणे हाही विज्ञानाचाच भाग आहे, हे विद्यार्थ्यांना आम्ही एरवी क्वचितच दाखवतो, आणि ही उणीव मला फार महत्त्वाची वाटते.

दाब समजावून देण्यासाठी थर्माकोलच्या पेल्यांवर मुलांकडून आधीच चित्रे काढून घ्या आणि परवानगी घेऊन ते जाळीच्या पिशवीतून उपकरणासोबत खाली पाठवा. दर १० मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढत असल्याने ४,००० मीटरवर तो चारशे पट होतो, थर्माकोलमधील हवा दाबली जाते आणि पेला आकार टिकवून अगदी लहान होऊन परततो.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते: बोट लागण्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने अर्ज करावा का?

उत्तर २ (तेच शिक्षक):
अवश्य करावा. बहुतेकांचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरतो, कारण कान आणि डोळे यांच्याकडून येणाऱ्या परस्परविरोधी संकेतांशी मेंदू हळूहळू जुळवून घेतो. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने, जहाज सुटण्यापूर्वीच सुरू करावे. त्रास बळावल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. सूक्ष्मदर्शकाचे काम सुरुवातीचे दिवस टाळता आले तर उत्तम, तेव्हा डेकवरील कामे मागून घ्यावीत.